पुलाच्या वर्षीचा मणका

उन्हाळा निम्मा सरला की नदीचं पाणी आटून काठ उघडा पडायचा, नावाडी नावा वर ओढून पालथ्या घालायचे, आणि दोरवाल्याच्या घरी कामाची घाई सुरू व्हायची. पाणी परत चढायच्या आत दोर तयार हवेत. आता नावा उरल्याच होत्या किती! पूल झाल्यापासून पलीकडे जायला नाव कुणाला लागते? उरलेल्यांनीही नायलॉन घेतला होता. एक म्हातारा नावाडी तेवढा अडून बसायचा. "नायलॉन हात कापतो," म्हणायचा. "वाखाचा दोर ओला झाला की उलट हाताला धरतो. मला तोच दे."

त्या वर्षी त्याने दोन्ही नावांना नवे दोर सांगितले. दोरवाल्याला हुरूप आला. चाक पुसून, तेल देऊन त्याने ते घरामागच्या लांब पट्टीच्या तोंडाशी रोवलं. त्या पट्टीवर गवत कधी उगवलंच नव्हतं. चार पिढ्यांच्या टाचांनी ती जमीन फरशीसारखी टणक झाली होती.

दोर वळायचं काम दोघांचं. एकाने चाक फिरवायचं. दुसऱ्याने घायपाताच्या वाखाचा पुंजका कमरेला गुंडाळून, बोटांतून तंतू सोडत सोडत उलटं चालत जायचं. दोरवाला चाकावर, आणि उलटी चालायची त्याची बायको. लग्न झाल्यापासून हेच. तोंड नवऱ्याकडे, पाऊल मागे.

तिला अख्खं गाव शिडी म्हणायचं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच होती. समोरच्या लोहाराने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काय रे, बायको आणलीस की शिडी?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला राग नव्हता. कुणाचं कौल सरकलं, कुणाचं मांजर माळ्यावर अडकलं की हाक तिलाच यायची, आणि तीही पदर खोचून जायची. आता सत्तरी ओलांडली होती. पाठीला जरा बाक आला होता, पण हाक मारली तर ती अजूनही जायची.

भिजवलेल्या वाखाचा भारा हौदातून बाहेर काढायचं कामही तिचंच. त्या सकाळी तिने वाकून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून भारा उचलला, आणि पाठीत काटकी मोडल्यासारखं झालं. तिला वाटलं, पायाखाली खरंच काटकी आली. खाली बघितलं. काही नव्हतं. मग कमरेच्या वर अशी आग पेटली की श्वास आत जाईना. भारा मात्र तिने टाकला नाही. कठड्यावर ठेवला, लुगड्याला हात पुसले आणि कठडा धरून उभी राहिली.

"काय गं?" दोरवाल्याने चाकापाशी बसूनच विचारलं.

"उसण भरली."

"बस जरा."

"बसले तर उठायची नाही. फिरवा चाक."

ऊन चढेपर्यंत ती उलटी चालत राहिली. ओठ घट्ट मिटलेले. संध्याकाळी उंबऱ्यावर टेकली, आणि म्हणाली होती तसंच झालं. दोरवाल्याने एका बाजूने, सुनेने दुसऱ्या बाजूने धरून तिला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची मालीशवाली तेलाची वाटी घेऊन आली. बाई मनाने चांगली, हाताने जड. तिने शिडीला पालथी घातली आणि अंगठ्यांनी कणा चाचपत वरून खाली आली. "इथे गाठ आहे बघा. एकदा मोकळी केली की झालं," असं म्हणून तिने गुडघा टेकला. शिडीच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या घराने तिच्या दोन्ही बाळंतपणांतही ऐकला नव्हता.

"बास करा!" सून दारातून ओरडली. पिठाचे हात तसेच घेऊन ती आत आली. "उठा आधी. उठा म्हणते ना!"

मालीशवालीने वाटी उचलली. तिचाही चेहरा उतरला होता. "मी तरी काय करू," ती पुटपुटली, "माझ्या हाताने किती जणी उठल्यात."

सुनेने नवऱ्याला फोन लावला. तो ट्रक घेऊन लांब कुठे गेला होता. मग तिने नणंदेला लावला. लेक शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. ती मिळेल त्या बसने निघाली आणि चपला काढायच्या आत तिने बापाला फैलावर घेतलं. "बाबा, पाठीवर गुडघा ठेवू दिलात तुम्ही? गुडघा?"

 दोरवाला भिंतीशी उकिडवा बसून हातातला वाखाचा तुकडा वळत होता, उलगडत होता, पुन्हा वळत होता.

शेजाऱ्याच्या टेम्पोत गादी टाकून तिला दवाखान्यात नेलं. दोरवाला डोक्याशी बसला. पुढे खड्डा दिसला की तो दोन्ही हातांनी तिचे खांदे गादीला दाबून धरायचा आणि स्वतःच डोळे मिटायचा. "तुम्हाला कशाला दुखतंय?" तिने एकदा विचारलं. मग दोघंही हसणार होती, पण हसू पाठीत जाऊन लागलं आणि तिने दात आवळले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसली होती. छडीसारखी ताठ, पट्टा बांधलेली. तिने लेकीला आपणहून सांगितलं, "माझा पण मणका मोडला होता. सिमेंट भरलं आत. दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले." लेकीने ते मनात पक्कं धरलं.

हाडांची डॉक्टरीण लेकीपेक्षाही लहान होती. तिने शिडीला पाय उचलायला लावले, तळव्याला पिन टोचून कळतंय का विचारलं, घोटे दाबले. मग साध्या आवाजात म्हणाली, "आजी, लघवी झालेली कळते ना? आपोआप नाही ना होत?"

शिडीने नवऱ्याकडे पाहिलं. दोरवाला पटकन उठला आणि भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता नाकाला लागेल इतक्या जवळून वाचू लागला.

"कळते," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरणीने काळा फोटो उजेडावर लावला. "हा बघा मणका. असा चौकोनी, डब्यासारखा हवा. हा समोरून चेपलाय. पत्र्याच्या डब्यावर पाय पडला की होतो तसा."

"ओझ्याने?" लेकीने विचारलं.

"ओझं निमित्त. हाडं आतून विरलीत, जुन्या चादरीसारखी. अशा हाडाला कधी कधी जोरात शिंकलं तरी पुरतं." तिचं बोट फोटोवर वर सरकलं. "आणि हा वरचा. हासुद्धा मोडलेला आहे, पण जुना. बरीच वर्षं झाली असतील. चेपलेला होता तसाच भरून आलाय. केव्हा पडला होतात, आजी?"

"मी कुठे पडले?"

"आठवून बघा."

"मोडलं असतं तर मला कळलं नसतं का?" शिडी जरा चिडलीच.

"पुष्कळ जणींना नाही कळत. कंबर धरली म्हणतात आणि कामाला लागतात."

लेकीला घाई होती. "बाहेर त्या बाई म्हणाल्या, सिमेंट भरतात. मग आत्ताच भरा ना."

"सिमेंट?" दोरवाला तक्त्यापासून वळला. "घराचं?"

"हाडाचं वेगळं असतं, बाबा." डॉक्टरीण हसली नाही, म्हणून ती त्याला मनातून आवडून गेली. ती लेकीकडे वळली. "त्या बाईंनी तीन महिने वाट पाहिली होती. गोळ्या घेऊनही झोप नव्हती, तेव्हा भरलं. तुमच्या आईला कदाचित लागणारही नाही. नस दबलेली नाही, पायात ताकद आहे, त्यामुळे मोठ्या ऑपरेशनचं तर कारणच नाही. बहुतेकांचं दुखणं महिना-दोन महिन्यांत ओसरतं. तोवर दुखण्याच्या गोळ्या, आणि उठल्यावर पट्टा. दोन-तीन दिवस फार तर पडून राहा. मग उठायचं, बसायचं, घरात थोडं थोडं चालायचं. पाठ चोळून घ्यायची नाही, वाकायचं नाही, ओझं नाही. पाय गळाले, मुंग्या आल्या, लघवीचं कळेनासं झालं, तर त्याच क्षणी इथे यायचं. आणि हाडं घट्ट करायचं औषध वेगळं. ते आपण रक्त तपासून ठरवू. नाहीतर हा बरा होईल आणि तिसरा मोडेल."

पट्टा म्हणजे पुढून-मागून कडक पत्र्यासारखा, काखेपासून ओटीपोटापर्यंत. सुनेने तो बांधला तेव्हा शिडी म्हणाली, "खोगीर घातलंत की गं मला! आता लगाम कुणाच्या हातात देणार?"

लेक चार दिवस राहिली आणि रजा संपली म्हणून गेली. जाताना सुनेला दहा वेळा बजावून गेली. आणि मग दोरवाल्याचं राज्य सुरू झालं.

त्याने तिला हलूच दिलं नाही. डॉक्टरीण दोन-तीन दिवस म्हणाली होती, याने आठवडा केला, आठवड्याचे किती झाले ते त्यालाही कळलं नाही. चाकावर गोणपाट टाकून ठेवलं. खाटेची वीण सैल वाटली म्हणून दुकानातून फळी आणून वर टाकली. सकाळी तिचं तोंड पुसायचा, चमच्याने पेज भरवायचा. ती कोपरावर जोर देऊन उठायला बघायची की धावत यायचा. "पड, पड. हाड जुळू दे."

"उताणी पडून पडून छताच्या वाशांची नावं ठेवायची वेळ आलीय माझ्यावर."

"ठेव. पण हलू नकोस."

भांडं सरकवायचं, स्वच्छ करायचं ते सुनेने. पहिल्या दिवशी शिडीने तोंड पदराने झाकून घेतलं.  काम करता करता सून आपल्या नोकरीच्या दूध संकलन केंद्रावरच्या गमती सांगायची, कुणाच्या म्हशीने कुणाची सायकल तुडवली ते. दुसऱ्या दिवसापासून शिडीने पदर घेतला नाही, पण डोळे मिटूनच ठेवले. जिने आयुष्यभर दुसऱ्यांची कौलं सारखी केली, तिला आता कूस बदलायलाही कुणीतरी लागत होतं.

दुपारी दोरवाला खाटेशी जमिनीवर बसायचा. करायला काम नव्हतं आणि हात रिकामे ठेवायची सवय नव्हती, म्हणून तो पातळ सुतळ्या वळत बसायचा. अशाच एका दुपारी ती म्हणाली, "तो जुना मणका. मला आठवला."

"केव्हाचा?"

"पुलाच्या वर्षीचा."

त्याचे हात थांबले. पुलाचं वर्ष म्हणजे त्या पट्टीचं सोन्याचं वर्ष. खांबांवर दगड चढवायला जाड दोर लागत होते, मनगटाएवढे. पुलाचा मुकादम रोज यायचा. आसपासची सगळी दोरवाली घरं तेव्हा याच पट्टीवर उतरली होती. तीन चाकं एका ओळीत फिरायची. उलट्या चालणाऱ्या बायकांची रांग निघायची, गप्पा मारत, भांडत, गाणी म्हणत. कुणाचं मूल रडलं तर जी जवळ असेल ती त्याला काखेत घेऊन तशीच मागे चालायची. संध्याकाळी सगळे नदीत पाय सोडून बसायचे. वाखाने चिरलेली बोटं पाण्यात धरली की झोंबायची, आणि तरी कुणी उठायचं नाव काढायचं नाही. लोहाराची आई, काळी काकू, ती तोतरी पोर जी फक्त गाताना तोतरी व्हायची नाही. आज त्यातलं कुणीही उरलं नव्हतं.

"त्या शेवटच्या दोराच्या वेळी," शिडी छताकडे बघत सांगू लागली, "काळी काकू तापाने पडली होती. तिच्या वाटणीचे भारे मीच काढले. एक उचलला आणि अस्संच झालं. काटकी मोडल्यासारखं. मग मी पाठीला फडकं आवळून बांधलं. महिनाभर बांधत होते."

"मला कसं नाही कळलं? तू बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही चाक फिरवत होतात. करकरायचं केवढं ते. ऐकू गेलं नसेल."

त्याने सुतळी खाली ठेवली. मग म्हणाला, "मोडक्या पाठीने चाललीस?"

"मला कुठे ठाऊक होतं मोडकी ते? आणि खरं सांगू? त्या वर्षाइतकं सुख मला पुन्हा नाही मिळालं. काय दिवस होते! दुखत होतं ते आठवतं, पण दुःख झालेलं आठवत नाही." ती हसली आणि कण्हली. "काळ्या काकूने बरी झाल्यावर मला उसाचा तुकडा आणून दिला होता. एवढासा. पदरात लपवून. म्हणाली, पोरांना देऊ नकोस, तू खा."

"खाल्लास?"

"तुम्हाला निम्मा दिला होता की!"

त्याला आठवत नव्हतं. पण तो "हो, हो" म्हणाला आणि सुतळी वळू लागला. पीळ उलटा पडत होता, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

सुनेने आपलं तोंड उघडलं ते शिडीच्या टाचेला लाल चट्टा दिसल्यावर. सासऱ्यासमोर मोठ्याने बोलायची तिची रीत नव्हती. ती चुलीशी उभी राहूनच म्हणाली, "मामंजी, डॉक्टरीणबाई पडून राहा म्हणाल्या होत्या, पण दोन-तीन दिवस. आईंच्या मांड्या बघितल्यात का? सुकल्यात. परवा नुसतं टेकवून बसवलं तर घेरी आली."

"आणि उठवलं आणि परत मोडलं तर?"

"न उठवून काय चाललंय ते दिसतंय ना?"

"तुला काय कळतंय!" तो एकदम कडाडला. आणि लगेच खाली बसला. आवाज फाटला होता त्याचा. "ती माझ्यासमोर मागे मागे चालत होती गं. माझ्या डोळ्यांदेखत. मोडलेली. दोनदा. आणि मी चाक फिरवत बसलो."

 मग खाटेवरून आवाज आला. "ते खोगीर कुठे आहे?"

"अगं..."

"अहो, तुम्ही गप्प बसा. सूनबाई, कसं उठायचं म्हणून दाखवलं होतं त्या बाईंनी?"

सूनबाईला पक्कं आठवत होतं. सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदा आणि कंबर एकदम, ओंडका लोळतो तसं कुशीवर व्हायचं. पाय खाटेखाली सोडायचे आणि कोपराने जोर द्यायचा. शिडी कुशीवर झाली. थांबली. कपाळावर घाम. पाय सोडले. कोपर थरथरला, पण तिने रेटला, आणि ती बसली. घेरी आली तेव्हा सुनेने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. घेरी गेल्यावर पट्टा बांधला. मग ती उभी राहिली.

दोरवाला समोर हात पसरून उभा होता, मूल चालायला शिकताना उभं राहतात तसा. तिने त्याच्याकडे बघितलं आणि थबकली. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या वर होते. इतकी वर्षं ती त्याच्याशी खाली बघून बोलायची.

"तुम्ही वाढलात की काय?" ती म्हणाली.

त्या दिवशी ती दारापर्यंत गेली. पुढच्या दिवशी ओटीपर्यंत. दुखत होतंच, पण दुखण्याची जात बदलली होती. आधी भाला होता, आता ठणका. आठवडाभराने ती मोरीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेली, दार लावून घेतलं, आणि आत बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की सून तोंड फिरवून हसली.

शिडी दुसऱ्यांदा दवाखान्यात गेली तेव्हा लेक थेट तिकडेच आली. या वेळी आईला घेऊनच जायचं असं तिने ठरवलं होतं. शहरातल्या आपल्या खोलीत कॉट लावून ठेवली होती. डॉक्टरणीने नवा फोटो बघितला. टाचेचा चट्टा बघितला, आणि सगळं काय झालं ते समजून दोरवाल्याकडे पाहिलं. "बाबा, खाट ही या दुखण्याची मैत्रीण नाही हो. पडून राहिलं की हाड आणखी विरतं."

"चुकलं," तो म्हणाला.

"सिमेंट भरा डॉक्टर," लेक म्हणाली. "किती दिवस सोसायचं तिने? एवढं सोपं आहे तर."

"भरता येईल. सुई घालून, भूल देऊन. कुणाकुणाला खूप आराम पडतो. कधी कधी सिमेंट बाहेर झिरपतं, कधी शेजारचा मणका दबतो. नेहमी नाही, पण होतं." मग तिने खुर्ची पुढे ओढली. शिडीच्या अगदी समोर. "आजी, मणका तुमचा आहे. तुम्हाला काय वाटतं?"

असं कुणी विचारेल याची शिडीला सवय नव्हती. तिने जरा विचार केला. "ते भरलं तर मी होते तेवढी उंच होईन?"

"नाही. दुखणं कमी होईल कदाचित. उंची परत येत नाही."

"आणि नाही भरलं तर दुखणं वाढेल?"

"आत्ता वाढतंय का?"

"कमी होतंय. बेताबेताने."

"मग बहुधा असंच कमी होत जाईल. नाही झालं, तर सिमेंट आहेच, ते कुठे पळत नाही."

"मग राहू द्या. दुखण्याला जायचंय तर त्याच्या पायांनी जाऊ द्या." ती म्हणाली. "पण ते दुसरं द्या. तिसरा मोडू नये म्हणून आहे ते. ते आधी द्यायला हवं होतं मला, पुलाच्या वर्षी."

औषध सलाइनमधून, वर्षातून एकदा. रक्त ठीक होतं, दात तपासून झाले होते. ते चढत असताना लेक पलंगाच्या काठावर बसून रडू लागली. "फोन वाजला की मला धडकी भरते, आई. दर वेळी वाटतं, आता काय ऐकू येणार. माझ्याजवळ असलीस तर निदान डोळ्यांसमोर..."

"तुझ्या खोलीला तीन जिने," शिडी म्हणाली. "माझ्या ओटीला एक पायरी. तूच सांग मी कुठे चालणार." मग मोकळ्या हाताने तिने लेकीची वेणी पुढे ओढली, लहानपणी ओढायची तशी. "रविवारी येत जा. रडायला नाही, जेवायला."

घरी आल्यावर नावाडी चौकशीला आला. दोरांचं तोंडाने विचारवत नव्हतं त्याला, नुसता पायाने जमीन उकरत उभा राहिला. पाणी चढायचे दिवस जवळ आले होते.

"करायचे," शिडी म्हणाली. "आम्ही करणार म्हणालो होतो ना?"

"कोण चालणार?" दोरवाल्याने विचारलं.

सून दूध केंद्रावरून आली होती. तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि पदर खोचला.

पहिल्या दिवशी तिने जे वळलं ते बघून शिडीने उंच खुर्चीतून कपाळाला हात लावला. कुठे अंगठ्याएवढं जाड, कुठे धाग्याएवढं बारीक. "अगं, तंतू ओढू नकोस. नुसते जाऊ दे. बोटांनी धरायचंच नाही. आणि मागे बघू नकोस! जमीन सपाट आहे, मी पन्नास वर्षं बघितली नाही." चौथ्या दिवशी सून मागे न बघता चालू लागली. दोरवाला चाक फिरवत होता आणि मधूनच थांबत होता.

"का थांबलात?" शिडीने विचारलं.

"ती काही बोलली का बघत होतो."

तीन पदर एकत्र वळून दोर तयार झाले. शिडीने बसल्या बसल्या प्रत्येक दोर मांडीवर घेऊन चाचपला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. नावाडी न्यायला आला. दोर खांद्यावर टाकताना म्हणाला, "पुढच्या वर्षी मी नसणार धंद्यात. पोरगा नावा विकायच्या म्हणतो."

तो गेल्यावर दोरवाला चाकाशी घुटमळत राहिला. "दुसरं गिऱ्हाईक बघू," म्हणाला. "सूनबाईचा हात चांगला बसलाय."

"तिला तिची नोकरी आहे. ती आपल्यासाठी चालली, दोरासाठी नाही." शिडी उठली. आधी पुढे सरकून, मग मांड्यांवर हात रेटून, शिकवलं होतं तशी. "आता बास. चाक काढा. मी सांगतेय म्हणून काढा. तुम्हाला वाटलं म्हणून नाही."

 त्याने चाकाच्या खुंट्या एकेक करून उपटल्या. जमिनीत खोल गेल्या होत्या, हलवून हलवून काढाव्या लागल्या. प्रत्येक खुंटी त्याने फडक्याने पुसून बाजूला ठेवली. ती उभी राहून बघत होती. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघांनीही ते एकमेकांना दिसू दिलं.

संध्याकाळी चालायचं डॉक्टरणीने लावून दिलं होतं. सपाट रस्त्याने, पट्टा बांधून, दमेपर्यंत नाही. ऊन उतरल्यावर ती निघाली तेव्हा तोही चपला घालून आला.

"तुम्ही कुठे?"

"मलाही पाय आहेत."

रस्त्याला लागल्यावर पहिल्यांदा त्यांना जमेचना. तो दोन पावलं पुढे जायचा, थांबून मागे वळायचा. ती जवळ यायची तोवर हा पुन्हा पुढे. लोहाराच्या बंद दुकानाशी ती उभी राहिली.

"अहो, समोर जाऊन उभे काय राहता? कामाला लागलोय का आपण? इथे या. शेजारी."

तो आला. तिच्या डाव्या बाजूला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना, मग त्याने तो पाठीमागे घेतला. इतकी वर्षं समोरून बघितलेला चेहरा बाजूने काही वेगळाच दिसत होता. कानामागे तिला एक तीळ होता. तो त्याने आज पहिल्यांदा बघितला.

"इकडे काय बघताय?" ती म्हणाली. "रस्त्याकडे बघा. पडाल, आणि मग तुमचं खोगीर मला बांधावं लागेल."

ती हसली. हसताना दुखलं का ते बघायला ती क्षणभर थांबली, मग पुन्हा हसली. पुढे नदी दिसू लागली होती, पाणी थोडं चढलेलं. काठावर कुणीतरी नाव सुलटी करत होतं. कोण आहे ते इतक्या लांबून कळत नव्हतं, म्हणून दोघं आणखी थोडं पुढे गेली.